साडूंचं उरलेलं पोट

कुठलीही गोष्ट करण्याआधी साऱ्या गावाला विचारणारा आणि उत्तर मात्र एकाचंही न ऐकणारा माणूस बघायचा असेल, तर धुळ्याला देवपुरात आमच्या साडूंकडे जावं. सगळे त्यांना नाना म्हणतात. टेबलफॅन कोणता घ्यावा याची त्यांनी होळीला सुरू केलेली चौकशी संपली तेव्हा लोक स्वेटर घालून हिंडत होते, आणि शेवटी घरी आला तो रेडिओ. मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो, पण त्यांच्या चौकशीच्या टप्प्यात येतो. शिवाय ज्यातलं काही कळत नाही त्याबद्दल ठाम मत देण्याची मला लहानपणापासून सवय आहे. त्यामुळे आमचं छान जमतं.

नानांचं पोट म्हणजे दाबून बांधलेली कापसाची गाठ. आधी ते दारातून आत यायचं, मग थोड्या वेळाने नाना. भरीत पार्टीत वांगी भाजणारा माणूस त्यांना बघून आणखी काटक्या गोळा करायला जायचा. त्यांची एकुलती एक लेक रविवारी दुपारी त्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, आणि लेकीची झोप मोडू नये म्हणून नाना शिंकसुद्धा गिळायचे. पुढे साखर निघाली, डॉक्टरांनी घाबरवलं, आणि नाना पांझरा नदीच्या काठाने असे काही चालत सुटले की दोन हिवाळ्यांत पोट नाहीसं झालं. कातडी मात्र राहिली. ती सदऱ्याच्या आत रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची.

त्याचं कुणाला काही नव्हतं. पण लेकीचं लग्न ठरलं. भुसावळचे व्याही व्हिडिओवाला आणणार होते, आणि आमच्या भटजींचा हट्ट असा की कन्यादानाला बापाने उघड्या अंगाने बसायचं. त्या झगझगीत दिव्यात आपली पिशवी कॅसेटवर कायमची उतरणार, या विचाराने नानांची झोप उडाली. नाशकात एक डॉक्टर पोटाची जादा कातडी कापून शिवून देतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी शिंप्याला विचारलं. त्याने सवयीने माप घेतलं आणि आधी ट्रायल घ्यावी लागेल म्हणाला. मग मला विचारलं. मी म्हणालो, "करून टाका."

आम्ही दोघं नाशिकला गेलो. डॉक्टर भले होते, बराच वेळ समजावत होते. परतीच्या एसटीत नानांनी विचारलं, "काय सांगं त्यास्नी?" मी म्हणालो, मला काय विचारता, ऐकत तर तुम्ही होता. मी ऐकतोय अशी त्यांची समजूत होती, ते ऐकतायत अशी माझी, आणि दोघेही नुसते माना डोलावत बसलो होतो. मालेगाव येईपर्यंत आम्ही आठवून आठवून जुळवलं. वजनाबद्दल काहीतरी होतं, ते वाढवायचं की घटवायचं यावर एकमत होईना. तंबाखूचंही काही होतं. वाढलेलं वजन कापायला सोपं जाईल असं मी ठामपणे सांगितलं, आणि नाना तीन आठवडे केळी खात सुटले.

दुसऱ्या खेपेला मेव्हणी, म्हणजे अक्का, सोबत आल्या. त्यांनी एकदाच ऐकलं आणि पायरीवर आम्हाला उभं करून सांगितलं: हे वजन घटवायचं ऑपरेशन नाही, वजन आहे तिथे टिकलं तरच करतात, तेव्हा केळी बंद. तंबाखू आधीपासून सोडायची. ओटीपोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील. कित्येक आठवडे जड उचलायचं नाही, आणि सुरुवातीला टाके ताणू नयेत म्हणून पुढे झुकून चालायचं.

लग्न तोंडावर आलं होतं. नाना म्हणाले, "म्हणजे व्याहीसना म्होरे मी वाकी उभा राहू? मुलीना बाप शे, पन वाकाव नही."

झालं. कन्यादानाला नाना उघड्या अंगाने ताठ बसले, मांडीवर पिशवी घेऊन. दिवा त्यांच्यावर फिरला, पुढे गेला, कुणी हसलं नाही. मी उगाच हातात उपरणं घेऊन झाकायला तयार उभा होतो.

पाठवणीच्या वेळी लेक त्यांना बिलगली, खाली वाकली आणि लहानपणीसारखं पोटावर कपाळ टेकवलं. म्हणाली, "नाना, मनी उशी कोठे गई?"

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कापूस ग्या, बेटा. खोळ ठेयेल शे तुनासाठे."

व्हिडिओत हे नाही. नेमका त्याच वेळी मी कॅमेऱ्यापुढे आलो होतो. तेव्हा तिथे दिसते ती माझी पाठ, बरीच रुंद. ऑपरेशनचं नाव नानांनी पुन्हा काढलं नाही. पण मी देवपूरला गेलो की ते कॅसेट लावतात, बरोब्बर त्या जागी थांबवतात आणि माझ्या पाठीकडे बराच वेळ बघत बसतात. मीही शेजारी बसून बघतो. त्यांना तिथे काय दिसतं, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.