थेंब चालत नाही, बुडबुडाही नाही

वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर मळी येते. आमचे भट्टीवरचे नाना ती झाऱ्याने काढतात आणि पाठ फिरवली की पुन्हा थर! आमच्या फाउंड्रीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून संपवावा तर खालून दुसरा वर आलेला. मी स्टोअरला आहे, त्यामुळे माल आणि किस्से दोन्ही माझ्याकडेच जमा होतात.

आमची फाउंड्री धुळ्याच्या एमआयडीसीत. पाण्याच्या मोटरची कव्हरं ओततो. मध्यंतरी एका मोठ्या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने ठरवलं, की आपल्या धातूचे पार्ट खानदेशातल्याच कारखान्यांत बनवून घ्यायचे. धातू त्यांचा, शिकवायला इंजिनियर त्यांचा, गिऱ्हाईकही त्यांनीच आणलेलं. अट एकच. शंभर-शंभर कव्हरांचे तीन ट्रायल लॉट, त्यातले दोन पास व्हायला हवेत. झाले तर दुसरी शिफ्ट सुरू आणि वीस नवीन माणसं. नाहीतर कंपनी दुसरा कारखाना बघणार.

त्या विसात एक नाव आधीच ठरलेलं होतं, रेखाताईंच्या नवऱ्याचं. रेखाताई आमच्या टेस्टिंगला आहेत, पारोळ्याहून एसटीने येतात. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. लॉट पास झाले तर तो परत येणार. नाहीतर शाळा सुरू व्हायच्या आत रेखाताईच मुलीला घेऊन सुरतेला जाणार. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणूनच कोणी तो विषय काढत नव्हतं.

*

कंपनीचे इंजिनियर कुलकर्णी साहेब आले ते ऐन मे महिन्यात, दुपारी. आल्या आल्या आम्ही भट्टीपाशीच पाण्याचा तांब्या पुढे केला, तर साहेब ओरडलेच.

"भट्टीजवळ पाणी नको! वितळलेल्या धातूत एक थेंब जरी गेला तरी त्याची वाफ होते आणि धातू उडतो. माणूस भाजतो! बाटली नाही, ओला रुमाल नाही, काही नाही!"

तांब्या लगेच मागे गेला. सुकलाल नाना मात्र साहेबांकडे टक लावून बघत होते. नाना अमळनेरचे. तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे भट्टीला घाबरत नाहीत आणि साहेबाला तर नाहीच नाही.

"साहेब," नाना म्हणाले, "पहिले तुम्हना घाम पुसा!"

साहेब दोन पावलं मागे सरकले आणि खरंच कपाळ पुसलं.

*

पहिल्या लॉटच्या दिवशी शेठजींचे वडील आले. बापूजी मूळचे दोंडाईच्याचे व्यापारी, नवीन कामाला नारळ फोडल्याशिवाय हात लावत नाहीत. धातू वितळून तयार होता. बापूजी नारळ घेऊन सरळ भट्टीच्या तोंडाशी गेले आणि हात वर केला.

"बापूजी, थांबा!"

नाना इतक्या जोरात ओरडले, की बाहेर ट्रकवाला खाली उतरला. बापूजींवर आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. शेठजींचा चेहरा पांढरा पडला. बापूजींचा हात तसाच वर.

"नारळमा पानी शे," नाना हळूच म्हणाले.

बापूजींनी नारळाकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं आणि हात अगदी सावकाश खाली घेतला.

"मग फोडायचा कुठे?"

"गेटबाहेर."

बापूजी गेटकडे चालायला लागले. वॉचमनसमोर थांबून म्हणाले, "म्हणजे आता देवालाही व्हिजिटर पास लागणार!"

*

टेस्टिंग सोपं दिसतं. कव्हरची भोकं बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचं. बुडबुडा आला की कव्हर गळकं. शंभरात दोन गळकी चालतात.

रेखाताईंनी पहिल्यांदा फोनवर नवऱ्याला काम समजावलं, तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडून मोठा आवाज आला, "दिवसभर बुडबुडे बघायचे? आणि त्याचा पगार देतात?"

रेखाताई म्हणाल्या, "तू ये तर खरा. तुलाही दाखवते!"

पहिल्या लॉटमध्ये अकरा गळकी निघाली. सुपरवायझर पाटील टाकीपाशी येऊन कुजबुजले, "रेखाताई, इतकं डोळे फाडून बघायलाच हवं का? नुकसान तुमचंच आहे."

"पाटील भाऊ, बुडबुडा मी नाही सोडला. कव्हरने सोडला."

पहिला लॉट नापास. आता उरलेले दोन्ही पास व्हायलाच हवे होते.

*

दुसऱ्या लॉटचा किस्सा माझ्यावरचा आहे, पण लपवत नाही.

कंपनीकडून अ‍ॅल्युमिनियम येतं ते विटांच्या आकारात. भट्टीत टाकण्याआधी नाना प्रत्येक विटेला उलटा हात लावून बघतात. त्या सकाळी तिसऱ्याच विटेला थबकले.

"हाई गार का लागस?"

वीट खालून ओली होती! तशीच भट्टीत गेली असती तर समोर नाना स्वतःच उभे होते. काम थांबलं. कुलकर्णी साहेब, शेठजी, पाटील, सगळी वरात माझ्या स्टोअरमध्ये. विटांच्या थप्पीवर, सावलीत, ओलं फडकं गुंडाळलेला माठ. रात्रभर झिरपलेला.

"हा कोणी ठेवला?" शेठजींनी विचारलं.

उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला गार पाणी मिळावं म्हणून मीच ठेवला होता. तसं सांगितलं.   मग नाना म्हणाले, "भाऊ, तुम्हना रजिस्टरमा बठ्ठं शे, फक्त माठ नही!"

सगळ्या विटा भट्टीच्या कडेला लावून चार तास सुकवल्या. नाना तिथून हलले नाहीत. जेवायलाही नाही. दुसरा लॉट पास झाला, गळकं फक्त एक. मी नानांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "राहू द्या. पहिले माठ हलवा."

*

तिसरा लॉट. कुलकर्णी साहेब फॉर्म घेऊन टाकीपाशी बसलेले. सकाळपासून अठ्ठ्याण्णव कव्हरं झाली होती, त्यात दोन गळकी. म्हणजे आता एकही चालणार नव्हतं. कामं सोडून आम्ही बारा जण टाकीभोवती उभे. शेठजी मात्र ऑफिसच्या दारातच थांबले, जवळ यायचा धीर होईना.

नव्व्याण्णवावं पास.

शेवटचं कव्हर रेखाताईंनी पाण्यात सोडलं. साहेब फॉर्मवर काहीतरी लिहीत होते. पाटील शेठजींकडे बघत होते. मी रेखाताईंच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून मला पाण्यातलं दिसलं नाही.

"साहेब, एक आला."

पाटलांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. "कुठे?"

"या कडेला. आत्ता आला."

"बाहेरून कडेला चिकटलेली हवा असेल. काढा, पुसा, परत बुडवा. एक मिनिट बघू."

रेखाताईंनी कव्हर काढलं, कोरड्या फडक्याने पुसलं, कडेवरून बोट फिरवलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. साहेबांनी घड्याळ लावलं. पंखासुद्धा कोणीतरी बंद केला होता. टाकीवर एवढी डोकी वाकलेली, की पाण्यात आमचेच चेहरे दिसत होते.

मिनिट झालं. बुडबुडा नाही.

"पास!" साहेबांनी सही केली. पेनला टोपण लावलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

रेखाताईंनी कव्हर उचललं नाही. नजरही उचलली नाही.

"काय झालं? पास आहे ते."

"अजून एक मिनिट, साहेब," रेखाताई म्हणाल्या. "सुरतेहून माणूस बोलवायचा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि घड्याळ पुन्हा लावलं. टाळी वाजवणाराही पुन्हा टाकीवर वाकला. ते मिनिट आम्ही सगळ्यांनी उभ्याने काढलं.

पाणी हललं नाही.