आमच्या ओहळातली तुमची नळी

संडासात बालदीभर पाणी ओतलं की ते कुठं जातं, तुम्ही कधी जाऊन पाहिलंय?

मी पाहिलंय. त्याआधी माझ्या आईच्या पाटीत शिजलेलं कालवण ओतलं गेलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. कोपरच्या खाडीकडे जाणाऱ्या आमच्या ओहळाच्या काठाने नव्या बिल्डिंगी उठत होत्या. आई खाडीतलं मावरं, म्हणजे मासळी, पाटीत घेऊन त्या बिल्डिंगींत दारोदार विकायची. सुट्टीत मी सोबत जायचे. त्या दिवशी एका गेटवरच तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक बाई पातेलं घेऊन उभ्या. आदल्या दिवशी आईकडून घेतलेल्या बोय माशांचं कालवण. ते सगळं त्यांनी पाटीतल्या ताज्या मासळीवर उपडं केलं.

"गटाराचा वास मारतोय! तुम्ही राहता तशीच तुमची मच्छी."

वरच्या गॅलरीतून कुणी तरी हसलं. "कोळीणबाई, उद्या साबण लावून आणा!"

आई म्हणाली, "चुकी झाली, ताई. उद्या चांगली आनते."

चुकी! कुणाची?

सोसायटीच्या भिंतीखालून एक जाड नळी थेट ओहळात उतरत होती. मैला. फेस. मी बोट दाखवलं. "वास त्या नळीचा आहे, बाई. तुमचंच तुम्हाला परत आलंय."

"गप ऱ्हा गो बाय," आई माझा दंड ओढत होती.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. अगदी शांत. "अगं मुली, वाहतं पाणी आपोआप स्वच्छ होतं. शाळेत शिकवलं नाही का?"

"मग प्या की दोन घोट."

रागाने रडू फुटलं, पुढचं बोलता आलं नाही. ते आज बोलते. हो, होतं स्वच्छ. वरच्या चाळीचं एकच गटार पडायचं, तेव्हा खाली दगडांवरून खळाळत येईतो ओहळ निवळायचा. त्याला तेवढी वाट लागते, हवा लागते. एका बिल्डिंगीची घाण जिरायच्या आत तुम्ही दुसरीची ओतता. पाणी काळं पडतं. मासे हवेसाठी वर येऊन तोंडं उघडतात आणि मरतात.

दुसऱ्या दिवसापासून आईला ते गेट बंद. सोसायटीने नळीचं मात्र मनावर घेतलं. ती लांबवली, आमच्या होड्या लागतात तिथवर. वास त्यांच्या खिडक्यांतून गेला, आमच्या दारात आला. पुढे खाडीत मावरंच मिळेना. आई आता त्याच बिल्डिंगींत भांडी घासते. ते खरकटं पाणीही त्याच नळीने आमच्याकडे येतं.

आईने गेटवर मागितलेली माफी मी परत घेते आहे. चुकी आमची नव्हती, आणि लाजही यापुढे आम्ही बाळगणार नाही.

तुम्ही एवढं करा. सोसायटीच्या येत्या सभेत उभे राहा आणि ठराव मांडा, की मैलापाणी साफ केल्याशिवाय ओहळात सोडायचं नाही. आणि कुणी म्हणालं, "नळी थोडी पुढे नेऊ," तर हात वर करू नका.