भैरोबाचे केस आणि बाबांचा पाय

परवा माझा नातू कटिंग करून आला. दोन्ही बाजू सफाचट आणि मधोमध तुरा. सून माझ्याकडं वळली, "तुम्हीच बोला की याला काहीतरी." सगळं घर माझ्या तोंडाकडं पाहायला लागलं. घरातल्या म्हाताऱ्यानं पोरांच्या केसांवर तोंडसुख घ्यायचं असतं, तशी रीतच आहे. मी म्हणालो, "चांगलं दिसते," आणि चहाचा कप उचलून बाहेर तुमच्यात येऊन बसलो.

काऊन? तर ऐका. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला हरकत नाही. फक्त मधे बोलू नका, मला धागा सापडत नाही मग.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. गाव सोनाळा, नोकरी खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगात कारकुनाची. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. तोपर्यंत आमच्याकडं पुरुषाच्या डोक्याचे दोनच प्रकार होते: मशीन मारलेलं आणि मशीन मारायला झालेलं. मग कुठून वारं आलं कोण जाणे, खामगावातली झाडून सगळी पोरं केस वाढवायला लागली. मी कसला मागं राहतो? माझे केस कानांवरून मानेवर आले, मानेवरून कॉलरवर उतरले. कल्ले जबड्याला टेकले. सकाळी अर्धा तास मी आरशासमोरून हलायचो नाही.

सुट्टीत गावी आलो की एस.टी.तून उतरून घरी जाताना पार लागायचा, आणि पारावर गावातले बुढे बसलेले. त्यांना दुसरा विषयच उरला नव्हता.

नथ्थूबुवा लांबूनच विचारायचे, "काय रे पुर्शा, लुगडं घेतलं का नाई अजून?"

दुसऱ्या एकाचं म्हणणं असं, की केसांमुळं डोक्यातली उष्णता आत कोंडते आणि माणूस चाळिशीत आंधळा होतो. तिसरे म्हणायचे, केस अन्नाचा रस वर ओढून घेतात, म्हणून तर याचे गाल बसले. त्यांच्याजवळ पुरावाही होता. त्यांच्या बैलाच्या शेपटीचा गोंडा कातरला, तेव्हापासून बैल अंगानं भरला होता. यावर तुम्ही काय बोलाल?

आमचे बाबा मात्र या वादात पडायचे नाहीत. बाबा म्हणजे ताठ माणूस, रोज दोन कोस चालून वावरात जाणार आणि दोन कोस चालून येणार. ते जेवताना फक्त मायला सांगायचे, "पोरीले भाकर वाढ वं."

एवढं सगळं मी सोसलं. पण मग जामोदचं स्थळ आलं.

मुलगी कुसुम. मी तिला एका लग्नात पंगतीत जिलेबी वाढताना पाहिलं होतं. मी चार वेळा जिलेबी मागितली, तिनं पाचव्या वेळी न मागता वाढली आणि हसली. संपलं. मला तिच्याशीच लग्न करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी नाही. स्थळ आणलं माझ्या मामानं. मामा म्हणाला, "सगळं जमल्यासारखं हाये. फक्त तिचे आजोबा, आबाजी. घरात त्यायचा शब्द चालते. बुढा जुन्या वळनाचा हाये. तुह्ये हे केस पाह्यले तं दारातूनच वापस धाडीन."

"काप तं मंग," बाबा म्हणाले.

"नाई कापत," मी म्हणालो. तेवीस वर्षांचं वय, काय सांगायचं.

शेवटी मामानं तोड काढली. एक पांढरी टोपी आणली, माझे सगळे केस आत कोंबले आणि टोपी वरून दाबली. हात काढला की टोपी दोन बोटं वर उठायची. जामोदपर्यंत एस.टी.त मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. लोकांना वाटलं असेल, पोराला आशीर्वाद देऊन राह्यला.

आबाजींच्या घरी बैठकीत सगळे बसले, बाबा माझ्या शेजारी. आबाजी ऐंशीच्या घरातले, डोक्याला भलं मोठं पागोटं, मिशा पांढऱ्याशुभ्र. मामानं मला कोपर मारलं, "पाया पड." मी पुढं झालो आणि खाली वाकलो.

टोपी सुटली. सुटली म्हणजे उडालीच, आणि आबाजींच्या मांडीवर जाऊन पडली. इतका वेळ दाबून ठेवलेले केस भसकन माझ्या तोंडावर आले. मला समोरचं धड दिसेना.

आबाजींनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पुढं झुकले आणि विचारलं, "हे काय हाये?"

माझ्या डोळ्यांसमोरून जिलेबीचं ताट निघून चाललं होतं. तोंडातून काय निघालं माझं मलाच कळलं नाही. मी म्हणालो, "नवसाचे हायेत."

"कोन्या देवाचे?"

"भैरोबाचे."

"कायच्यासाठी बोलले नवस?"

आता आली का पंचाईत? केसांच्या फटीतून मी खालीच पाहत होतो, तिथं मला बाबांचे गुडघे दिसले. "बाबाच्या पायासाठी," मी म्हणालो. "पाय बरा झाला का केस वाहतो म्हटलं देवाले."

बाबा मस्त मांडी घालून बसले होते. पायानं अधू माणूस मांडी कशी घालेल, हे कुणाच्या ध्यानात येण्याआधी मामानं बाबांचा डावा पाय पकडला आणि खसकन सरळ केला.

"लय दुखते का?" आबाजींनी विचारलं.

"आता दुखून राह्यला," बाबा मामाकडं बघत म्हणाले.

आबाजींनी मला जवळ बसवून घेतलं. बापासाठी केस वाढवणारा पोरगा या काळात कुठं पाहायला मिळतो, असं चारदा बोलून दाखवलं. कुसुम पोहे घेऊन आली, माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सोयरीक पक्की. एकच अट होती. नवसाचे केस डोक्यावर घेऊन बोहल्यावर चढायचं नाही. आधी भैरोबाला रोडग्यांचा नैवेद्य करायचा, केस वाहायचे, आणि मग तिथी काढायची.

निघताना बाबा ओट्यावरून डाव्या पायानं लंगडत उतरले आणि अंगणात आल्यावर उजव्या पायानं लंगडायला लागले. मामा कानाशी लागला, "भाऊजी, डावा." मग बाबा थोडा वेळ दोन्ही पायांनी लंगडले.

एस.टी.त बाबा सोनाळ्यापर्यंत डावा पाय चोळत बसले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "काऊन बे, तुले माह्याच पाय सापडला? माय तं घरी होती, तिचं नाव घेतलं असतं तं काय बिघडलं असतं?"

मी म्हणालो, आठ दिवस तुम्ही लंगडून दाखवा, मग बरा झाला म्हणू, रोडगे करू, मोकळं होऊ. हिशोब सोपा होता. पण चौथ्याच दिवशी जामोदहून एक हाडवैद्य येऊन दारात उभा राहिला. आबाजींनी मुद्दाम धाडला होता. व्याह्यानं प्रेमानं पाठवलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणणार? बाबांना बाजेवर झोपवलं. वैद्यानं पाय चाचपला, मान हलवली, "सांध्यातून सरकला हाये," असं म्हणाला आणि दोन्ही हातांनी धरून पिळला.

बाबांचा आवाज पारापर्यंत गेला. तिथून नथ्थूबुवा धावत आले.

झालं. पाय खराखुरा सुजला. बाबांच्या हातात काठी आली. आता लंगडताना त्यांना डावा-उजवा आठवायची गरज राहिली नाही, पण माझी काय अवस्था झाली पाहा. पाय बरा झाल्याशिवाय केस वाहता येत नाहीत, आणि केस वाहिल्याशिवाय लग्न होत नाही. वैद्य दर आठवड्याला येऊन पाय तपासायचा आणि थोडा आणखी पिळून जायचा.

तिकडं माझे केस देवाचे झालेले. देवाच्या केसांना कात्री लावायची नाही, तेल लावायचं नाही, कंगवा तर नाहीच नाही. ज्या केसांसाठी मी सकाळी अर्धा तास द्यायचो, त्यांचा दोन महिन्यांत गुंता झाला. त्यात नोकरी जिनिंगातली. उडालेली रुई त्या गुंत्यात अडकून बसायची. संध्याकाळी खोलीवर निघालो की मी आबाजींपेक्षा म्हातारा दिसायचो.

आणि पारावरचे बुढे? पार बदलून गेले हो. मी एस.टी.तून उतरलो की नथ्थूबुवा उठून उभे राहायचे. उष्णतावाले म्हणायचे, "केसायनं डोस्कं थंड राह्यते." बैलवाल्यांनी तर माझा एक केस मागून नेला, बैलाच्या गळ्यात बांधायला. म्हणे दृष्ट लागत नाही. सगळ्यांनी मला अहोजाहो करायला सुरुवात केली. फक्त बाबा मला अजून "पोरी"च म्हणायचे, आणि आता त्यात माया नव्हती.

माघात पाय टेकवण्याजोगा झाला. बाबा म्हणाले, "आता तो वैद्य आनखी एकदा आला तं मी संन्यास घेतो. कर रोडगे."

भैरोबा आमच्या गावाबाहेर, सातपुड्याच्या अंगाला. लिंबाखाली गोवऱ्यांचा आर पेटला, त्यात कणकेचे रोडगे भाजायला टाकले, वांग्याच्या भाजीची दोन गंजं चुलवणावर चढली. सोनाळ्याचे शंभर आणि जामोदहून बैलगाड्या भरून आलेले पन्नास लोक. सगळ्यांसमोर न्हाव्यानं मला पाटावर बसवलं आणि वस्तरा चालवला. गुंता एकसंध निघाला, टोपीसारखा. तोंड उन्हानं काळं आणि वरचं डोकं सोललेल्या कांद्यासारखं. मी डोक्यावरून हात फिरवला आणि मला खरंच रडू आलं. लोकांना वाटलं, भक्तीनं रडतोय.

केस देवापुढं ठेवले. नारळ फुटला. मी आबाजींकडं पाहिलं, आता तिथी काढतील म्हणून. पण आबाजी बाबांकडं पाहत होते. बाबा काठीवर रेलून उभे.

"व्याही अजून लंगडून राह्यले," आबाजी म्हणाले. "देवानं ऐकलं नाई वाटते. उगाच घाई नको. पुढच्या सालापावतर थांबू, पाय नीट झाला का मंग पाहू."

पुढचं साल? केसही गेले आणि कुसुमही चालली. जामोदात तिच्यासाठी दुसरी स्थळं काय थांबून राहणार होती?

माझं तोंड पाहून आबाजींना दया आली असावी. त्यांनी माझ्या चकोटावर हात ठेवला आणि मोठा उसासा टाकला.

"जवाईबापू, खरं सांगू? मले तं तुमचे केस लय आवडले होते. ज्वानीत माह्येबी असेच खांद्यावर होते, कुस्तीच्या फडात लोकं पाहाले यायचे. त्या दिशी तुमची टोपी पडली अन् मले वाटलं, वा, पोट्टं हौशी हाये. हे काय हाये, कोनाजवळ कापले, म्हून इचारनारच होतो मी. आमच्या कुसुमनं तं दाराआडून पाहूनच हाव म्हटलं होतं. पन तुमी नवसाचे म्हटलं. मंग देवाच्या कामात मी काय बोलू?"

हे सगळं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. बाबा तीन हातांच्या अंतरावर उभे होते.

बाबांनी आधी माझ्या डोक्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडं. मग हातातल्या काठीकडं.

मी पळालो. भाजीच्या गंजाला वळसा घालून, बैलगाड्यांच्या मधून, देवळाच्या मागून. आणि बाबा माझ्यामागं. अहो, काय धावले ते. दोन महिने काठीशिवाय पाऊल न टाकलेला माणूस काठी वर धरून हरणासारखा धावत होता. दुसऱ्या वळशाला त्यांनी मला गाठलं आणि टाळूवर काठीची एक सणसणीत ठेवून दिली. केस असते तर निदान थोडं कमी लागलं असतं.

मला सोडवायला कुणी येईल म्हणून मी लोकांकडं पाहिलं. दीडशे माणसं हात जोडून उभी होती. नथ्थूबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पावला, भैरोबा पावला," एवढंच ते म्हणत होते. पाय बरा झाल्याच्या आनंदानं बाप पोराला भेटायला धावला, असं जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. काठीचा टोला कुणालाच दिसला नव्हता.

आबाजींनी तिथल्या तिथं जाहीर केलं, वैशाखात लग्न. मग देवापुढचा शेंदूर अंगठ्यावर घेतला आणि माझ्या डोक्याला लावायला पुढं आले. लावला नेमका टेंगळावर, आणि वरून दाबलाही.

मी अशी किंकाळी ठोकली की लिंबावरचे कावळे उठले. अंग थरथरायला लागलं, डोळे फिरले. जामोदची एक म्हातारी ओरडली, "अंगात आलं वं माय, जवायाच्या अंगात देव आला." की लागली रांग. आधी आबाजी पाया पडले. मग माझे होणारे सासरे, मग नथ्थूबुवा, उष्णतावाले, बैलवाले, हाडवैद्य. मी नाही म्हणायला तोंड उघडलं की लोक आणखी वाकायचे.

रांगेत सगळ्यांत शेवटी बाबा होते. व्याह्यांदेखत त्यांना सुटका नव्हती. ते आले, काठी बाजूला ठेवली, माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाले, "देव उतरला का घरी ये."