चाळीसच्या खाली

मार्च उजाडला की डोरीनचं स्वयंपाकघर तिचं राहत नसे. टेबलभर सरकारी जंगलाचा नकाशा पसरे आणि तिचा नवरा मर्ल पेन्सिल घेऊन बसे: सप्टेंबरात एल्क, ती मोठाली रानहरणं, शिकारीसाठी कुठल्या ओढ्यावर गाठायची, तंबू कुठे टाकायचा, मांस खाली कसं आणायचं. अमेरिकेत, आयडाहोतल्या सॅमन गावात तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करी. एकतीस वर्षांत धनुष्याने एल्क मारले नऊ. बेत मात्र एकतीस, आणि एकेक पक्का.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू झिजत जाणार, औषध नाही. मर्लने ऐकून घेतलं आणि घरी येऊन नकाशा उघडला.

"यंदा तंबू रस्त्याजवळच टाकू. म्हातारे झालो आपण."

"तू झालास. मी कशाला होऊ?" डोरीन म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन रडली.

चाळीस पौंडांपेक्षा कमी ताणाच्या धनुष्याने एल्क मारायला तिकडे कायद्याने बंदी. मर्लचं धनुष्य बावन्नाचं. एप्रिलात ते त्याला ओढवेना. मग तो आंघोळीला गेला की डोरीन किल्लीने धनुष्याचा ताण ठरवणारे दोन्ही स्क्रू गुपचूप जरासे सैल करू लागली. मर्ल अंगणातल्या गवताच्या गठ्ठ्यावर पाच बाण सोडी नि आत येऊन म्हणे, "हात अजून शाबूत आहे बघ." लबाडी तर लबाडी, म्हणत ती त्याला अंडी वाढी.

ऑगस्टात एका सकाळी, स्क्रू नुकतेच आणखी एक फेरा सैल करून, ती त्याचा चष्मा शोधत होती. त्याची शिकारीच्या बेतांची वही हाती लागली. शिधा, दोऱ्या, तंबू यांच्या याद्यांमध्ये आकडे होते: बावन्न. पन्नास. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. ताण कमी झाला की बाण खाली पडतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो पहिल्याच दिवशी ओळखून बसला होता आणि गुपचूप नेम सुधारून घेत होता. शेवटची ओळ होती, "चाळीस. आता बस."

ती धावत गॅरेजात गेली. मर्लने धनुष्य ताण मोजायच्या काट्याला लावलं होतं.

"अडतीस," तो म्हणाला. "आज फिरवायला नको होतंस."

"काल तुला ओढवलं नाही. मी खिडकीतून पाहिलं."

"हो."

"डोंगरात कोण काटा घेऊन बसलंय, मर्ल? जाऊ ना आपण."

"कोणी नाही बसलेलं. पण अर्धवट रुतलेला बाण घेऊन ते जनावर चार दिवस हिंडेल, डोरीन. तसं नाही करायचं." त्याने किल्ली तिच्या हातात दिली. "होतं तसं कर. बावन्न."

तिने स्क्रू आवळले. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, तरी तिचे हात चुकले नाहीत. चार महिन्यांचा सराव होता. मर्लने धनुष्य घेतलं, पाय रोवले आणि ओढलं. दोरी इंचभरही हलली नाही.

"हां," तो म्हणाला, "हे माझं धनुष्य." आणि ते तिला टांगायला दिलं, कारण भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत आता त्याचा हात पोचत नव्हता.