गुडघ्यावरचं जीपीएस

विमान चालवायला शिकत होते तेव्हा मी जळगावात मेहरूणला खोली करून राहायचे. आमची केळीची शेती रावेरकडे. त्यामुळे आठवडाभर आकाशात आणि रविवारी केळीच्या बागेत, असं माझं मजेत चाललं होतं.

त्या पावसाळ्यात ढगांतून उडायचं शिक्षण सुरू होतं. बाहेर काही दिसत नाही असं धरून चालायचं आणि समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा. शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांच्याकडे हातात मावणारं एक जुनं जीपीएस होतं, स्वतःच्या बॅटरीवर चालणारं. विमानातली उपकरणं बंद पडलीच तर आधार म्हणून ते प्रत्येक वेळी माझ्या गुडघ्याला पट्ट्याने बांधायला लावायचे.

एकदा आम्ही धुळ्याला उतरलो. शिंदखेड्याहून मामा मुद्दाम मला भेटायला धावपट्टीवर आले होते. आभाळाकडे बघून म्हणाले, "पोरी, वर बठ्ठा ढगच ढग शे. तुले वाट कशी दिसस?"

"दिसत नाही मामा, काट्यांवर कळते."

मामांनी सरांना हात जोडले आणि म्हणाले, "पोरले सांभाळा, साहेब."

परतीला एरंडोलच्या आसपास आम्ही दाट ढगात होतो, आणि समोर लाल दिवा लागला. वीज तयार करणारं यंत्र बंद पडलं होतं. सरांनी पटापट नको ते सगळं बंद केलं. पण बॅटरी जुनी होती. थोड्याच वेळात रेडिओ खरखरला आणि गप्प झाला, वाट दाखवणारी सुईही निपचित पडली. इंजिन मात्र छान चालू होतं, त्याला या विजेची गरज नसते.

मी गुडघ्यावरच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर आमचं इवलंसं विमान जळगावकडे सरकताना दिसत होतं. इतकं बरं वाटलं की मी त्याच्याकडेच बघत बसले.

"पंख बघ!" सर ओरडले.

दचकून मान वर केली. विमान डावीकडे चांगलंच कललं होतं, आणि मला कणभरही जाणवलं नव्हतं. क्षितिज दाखवणारं उपकरण हवेच्या पंपावर चालतं, म्हणून ते शाबूत होतं. त्याच्याकडे बघत विमान सरळ केलं.

"ते आपण कुठे आहोत ते सांगतं," सर शांतपणे म्हणाले. "सरळ आहोत की तिरके, ते नाही. आधी क्षितिज, मग वेग, मग उंची. त्यानंतर एक नजर त्याच्याकडे. आणि उत्तरेला सरकू नकोस, तिकडे सातपुडा आहे."

मग मी तसंच केलं. नजर काट्यांवरून फिरवायची, मध्येच गुडघ्याकडे एक झलक, की लगेच वर. दोन्ही हिशेब जुळत गेले तसा श्वासही जुळला. शहराच्या अलीकडे ढग फाटले आणि खाली गिरणेचं गढूळ पाणी दिसलं. मी एवढ्या मोठ्याने "गिरणा!" म्हणाले की सर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

रेडिओ नव्हता, म्हणून विमानतळावर एक फेरी मारली. टॉवरवरून हिरवा प्रकाश दाखवला, तेव्हा उतरलो. मेकॅनिकने झाकण उघडून तुटलेली तार दाखवली. सरांनी ती हातात घेऊन पाहिली आणि मला म्हणाले, "उद्या पुन्हा हाच रस्ता."

संध्याकाळी वडिलांचा, म्हणजे आमच्या भाऊंचा, फोन आला.

"काय गं, आज कुठे गेली होतीस?"

"धुळ्याला जाऊन आले, भाऊ."

"इतक्यात आलीस पण? आमची तर एसटीत पारोळ्यालाच कंबर मोडते!"

मी पोट धरून हसले. बाकीची हकिगत रविवारी घरी गेल्यावर सांगितली, पण आधी भरीत-पुरी खाऊन घेतली. आईने ऐकलं आणि न विचारता ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या.