पंखाला भंडारा

शिरूरच्या स्टँडवर कंडक्टर मला बघून एस्टीच्या दारातच आडवा झाला. माझ्या एका काखंत पोरगं, दुसऱ्या काखंत पोराच्याच गोधडीत गुंडाळल्याला विमानाचा पंख. पंख पोरापेक्षा लांब.

"हे काय हाय, बाई?"

"पंख."

"कुनाचा?"

"साहेबांचा."

"आन् साहेब आता पायी फिरत्यात व्हय?"

सगळी एस्टी हसली. मी मातर पंख आनखी घट्ट धरला. त्याचं आसं हाय, आमचं मालक कारखान्यात टेंपररी. तिकडं ते चौघांत मिळून एका पत्र्याच्या खोलीत, आन् मी हिकडं कवठे येमाईला सासूपाशी. परमनंट झालं की आपली येगळी खोली घ्यायची, आसं ठरल्यालं. आन् परमनंट करनं साहेबांच्या हातात. साहेबांना लहान विमानं उडवायचा नाद. मानूस बसत न्हाई त्यात, पर उडतंय खऱ्यावानी, आन् शर्यतीत पळतंय. राहूच्या माळावर शर्यत हुती. पंखाला पॉलिश मालकांनीच केल्यालं, आमच्याच घरात वाळत ठिवल्यालं. आदल्या दिशी साहेबांनी त्यांना माळ साफ करायला नेलं, तवा जाता जाता मालक मला म्हनलं, "पंख तू आन. बोट लावू नगंस. जरा खडबडीत झालं की वारं तिथं अडतं, विमान मागं पडतं."

मी सातवी नापास. वारं काय म्हस हाय व्हय अडायला? पर मालकांचं त्वांड बघून मी हूं म्हनले.

न्हावऱ्यापातुर मी श्वाससुदिक जपून घेतला. खड्डा आला की पोरगं खाली, पंख वर. पोरगं रडलं तर गप करता येतंय, पंखाला चरा गेला तर काय करनार? भीमंचा पूल वलांडला आन् दोन्ही अंगाला ऊसच ऊस. गुऱ्हाळांचा (गूळ शिजवायच्या जागेचा) गोड धूर खिडकीतून आत. चौफुल्याला उतरून वडापात (मानसं कोंबून नेनाऱ्या जीपमधी) बसले. शेजारी एक आबा, पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. आमच्यातलंच दिसत हुतं.

"गोधडीत काय, पोरी?"

म्या सांगितलं. शर्यत म्हनल्यावर आबा सरळ बसलं.

"भंडारा लावलाय का?"

"न्हाई, आबा."

"न्हाई? बैलाला लावतो, मेंढराला लावतो, नव्या ट्रॅक्टरला लावतो, आन् ह्याला तसंच सोडतीस? सोड गोधडी!"

आता भंडाऱ्याला (देवाच्या हळदीला) नगं कसं म्हनायचं? देव काय म्हनल? मीच गोधडी सोडली. आबांनी कनवटीची पिशवी काढली, "येळकोट येळकोट!" आन् मूठभर हळद पंखावर. जीपमधल्या समद्यांनी "जय मल्हार" केलं. डायवरनंबी केलं, जीप बांधाला लागता लागता राह्यली. बघते तर पंख पिवळा जर्द. हळद पॉलिशवर बसल्याली.

माळावर पोचले. मालकांनी पंख बघितला, मग साहेबांकडं बघितलं. साहेब पळत आलं.

"हे काय आहे?"

"भंडारा, साहेब," मी म्हनले, आन् पोराच्या आड त्वांड लपवलं.

मालक सदऱ्यानं पुसायला गेलं, तर साहेब वरडलं, "पुसू नको! चरे पडतील. असंच एकदा उडवून आणू, वाऱ्यानं जाईल ते."

साहेबांनी पंख विमानाला जोडला, हातात ते चालवायचा डबा धरला आन् ते विमान गांधीलमाशीवानी घोंगावत सुटलं. मी पोराला घिऊन बाभळीखाली. आता डोस्क्यावर पडतंय, मग पडतंय! मालक म्हनलं, "अगं, ते तिकडं हाय, तू हिकडं कशाला वाकतीस?"

उतरलं तवा समदी हळद गेल्याली. फकस्त पंख जिथं अंगाला जोडल्याला त्या कोपऱ्यात राह्यली, आन् थोडी उडून शेपटाच्या कोपऱ्यात बसल्याली. साहेब उकिडवं बसून त्या कोपऱ्यांकडं बघाय लागलं. मला वाटलं, गेली खोली.

"बघ रे," साहेब मालकांना म्हनलं, "वारा इथं पुढं जातच नाही, नुसता घुटमळतो. म्हणून हळद राहिली. आणि मी इतके दिवस पंखच घासत बसलो! हा कोपरा भरून गोल करायला पाहिजे. पण आत्ता कशानं भरणार?"

मेन न्हाई, फटी भरायची लांबी न्हाई, शर्यत तोंडावर. माझ्या तोंडातून निसटलं, "गूळ?"

मालकांनी डोळं वटारलं. साहेब म्हनलं, "पळा!"

पोरगं मालकांकडं दिऊन मी गुऱ्हाळावर पळाले. कढईपाशी एक परदेशी (उत्तरंकडला) भैय्या.

"भाभी, खाने को?"

"न्हाई, इमानाला लावायचाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वर आभाळाकडं, आन् वाटी भरून दिली.

साहेबांनी गरम गूळ बोटानं कोपऱ्यात लिंपला, हाय हाय करत. थंड झाल्यावर काचंवानी गुळगुळीत. माशा बसायच्या आत शर्यत सुरू. दोन बांबूंना फेरं घालायचं. चार विमानं. आमचं कायम शेवटचं यायचं म्हनं, त्या दिशी दुसरं आलं! साहेब बूट घालून नाचलं. मालक नाचलं न्हाईत, त्यांच्या हातात पोरगं आन् पोराच्या त्वांडात उरल्याला गूळ.

मग साहेब मालकांना म्हनलं, "सोमवारी ऑफिसात ये. तुझे परमनंटचे कागद करून टाकू."

येताना मालक एस्टीत त्वांड उघडं टाकून झोपलं. मी हात खिडकीभाईर काढला. पंजा आडवा धरला की सुळकन जायचा, उभा धरला की वारं मागं लोटायचं. म्हंजी अडतंय खरंच! आजवर किती एस्ट्यांत बसले, पर वारं कवा असं हातात घिऊन बघितलं न्हाई. "बाई, हात आत!" कंडक्टर वरडला, तरी म्या आनखी एकदा आडवा धरून बघितला.

घरी सासू उंबऱ्यातच. "काय झालं गं?"

म्या म्हनले, "आत्याबाई, भांडी बांधायला गोनपाट हाय का?"

आत्याबाईंनी पोरगं काखंत घेतलं. मग आत जाता जाता म्हनल्या, "हाय. पर मोठं पातेलं न्यायचं न्हाई."