गुलनाराचा कायमचा पत्ता

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांच्या कागदांत डोकावू नये हे मला कळतं, पण मशीनसमोर वीस वर्षं उभं राहिलं की डोळे आपोआप वाचायला लागतात. त्यामुळे किस्से साठत जातात. मात्र सगळ्यात जास्त किस्से निघाले ते आमच्या घरच्याच एका फाइलमधून. फाइल इतकी फुगली की तिची नाडी पुरेना. शेवटी जुन्या परकराची नाडी काढून बांधली!

ही फाइल गुलनाराची. गुलनारा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बिरूची बायको. आमचं माहेर माळशिरसकडचं, मेंढपाळाचं. बिरू किरगिझस्तानात गेला होता. डॉक्टर व्हायला नव्हे, डॉक्टर व्हायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना आमटी-भात रांधून घालायला! त्या मेसला मटण पुरवणाऱ्या घरची ही पोरगी. तिच्या घरीही मेंढरंच. दोघांचं जमायला भाषा फारशी लागली नसावी.

बिरू परत आला, मागोमाग ती आली, लग्न झालं. लग्न झालं की सून घरी राहते अशी आमची समजूत. तसं नसतं म्हणे. परदेशी बायकोचा व्हिसा वाढवून घ्यावा लागतो, आणि नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात हे सरकारला पटवावं लागतं. नाही पटलं तर तिनं सामान बांधायचं. मी म्हटलं, बांधते कशी बघतेच!

* * *

सुरुवात लग्नापासूनच. नोंदणी लग्नाची नोटीस महिनाभर बोर्डावर लावतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगायची. आमच्या गावचे एक काका एवढ्यासाठी एसटी पकडून सोलापूरला आले.

"हरकतीचं कारण?" क्लार्कनं विचारलं.

"पोरगी बाहेरची हाय."

"ते कायद्यात बसत नाही. मुलाचं आधी एखादं लग्न झालंय का?"

"न्हाय की! झालं आसतं तर आमच्याच पोरीसंगं झालं आसतं!"

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. आई शेजारीच उभी होती. ती पुढे झाली. "लिवा सायेब, ह्यांची हरकत लिवा. आन् त्याच्याखाली माजी बी लिवा. माजी सुनंवर हरकत न्हाय, ह्या पावन्यावर हाय!"

* * *

मग फोटो. एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून जोडप्याचे फोटो मागितले. मी मोबाइल धुंडाळून चांगले बारा फोटो काढले आणि कलर प्रिंट मारल्या. व्हिसा ऑफिसच्या साहेबांनी एकेक बघितला.

"यात नवरा कुठाय?"

"तो काय मागं, कोकरू धरून उभा आहे."

"आणि ही?"

"ही पुढं, पदर घेतलेली. मधे आमची आत्या, चुलते, त्यांची मुलं..."

"ताई, फक्त दोघांचा एखादा नाही का?"

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको खेटून उभे राहत नाहीत. फोटोसाठी तर नाहीच नाही. आईला फोन लावला तर तिचा पारा चढला. "दोगांचाच कशाला? घरात मानसं न्हाईत व्हय आमच्या? सायबाला म्हनावं, दोगंच दिसली आसती तर म्या काळजी केली आसती!"

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी बाराच्या बारा फोटो ठेवून घेतले.

* * *

मुलाखतीला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. लग्न खोटं असलं तर उत्तरं जुळत नाहीत असा त्यांचा हिशेब. गुलनाराचं मराठी आईकडून उचललेलं, म्हणजे अस्सल माळशिरसचं. ते ऐकूनच मुलाखत घेणाऱ्या बाईसाहेब आधी चपापल्या.

"बायको कुठल्या बाजूला झोपते?"

बिरू म्हणाला, "ती व्हय? मेंढरांच्या बाजूला."

गुलनारा म्हणाली, "मेंढराच्या बाजूला."

इथपर्यंत जुळलं. पुढचा प्रश्न, बायकोला जेवणात काय आवडतं?

बिरूनं छाती फुगवली. "माझ्या हातची आमटी. लई आवडती तिला."

दुसऱ्या खोलीत गुलनारा म्हणाली, "त्याची आमटी? न्हाय आवडत. लई पानी. ती पोरं घरापास्नं लांब हुती म्हनून खायची."

मी बाहेर बाकावर बसून नखं खात होते. बाईसाहेब हसत हसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "खोट्या लग्नातली बायको एवढं खरं बोलत नाही."

बिरू मात्र घरी येईपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

* * *

आता थोडं आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे आमचे वडील. एकदा जनावरांची मोजणी करायला सरकारी माणूस आला होता.

"काका, मेंढ्या किती?"

"मोज की. उबी हायत म्होरं."

त्या बिचाऱ्यानं चारदा मोजली. मेंढरं कशाला एका जागी थांबतायत! चार वेळा चार आकडे आले. शेवटी तो काकुळतीला आला. "काका, तुम्हीच सांगा ना."

"बाहेरच्या मानसाला आमी आकडा सांगत न्हाय. दिष्ट लागती."

तो माणूस गेल्यावर मी हसत हसत विचारलं, "आबा, मला तरी सांगा." आबा म्हणाले, "तू आता सोलापूरची." चेष्टेत म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

असले आबा. गुलनारा आल्यावर वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

* * *

खरा घोळ झाला तो पत्त्याचा, आणि तो मीच घातला. फॉर्मवर पत्ता दिला शुक्रवार पेठेचा. लाइटबिल आमचं, पत्रं वेळेवर मिळणार, म्हणून. पण दिवाळी सरली की आमच्या लोकांचं बिऱ्हाड घोड्यावर चढतं आणि मेंढरांमागं निघतं, ते पावसाळ्यालाच घरी येतं. हवालदार चौकशीला तीनदा आले. तिन्ही वेळा त्यांना मीच दिसले.

मग पत्र आलं. 'सदर जोडपे दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळून येत नाही.' पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर मुदतवाढ मिळणार नाही. पत्र मी दोनदा वाचलं. भीती होतीच, पण राग जास्त होता. दुकान नवऱ्यावर टाकलं आणि तडक ऑफिस गाठलं.

"साहेब, पत्ता चुकला. चूक माझी. पण ती दोघं एकत्र राहत नाहीत हे कुणी सांगितलं?"

"मग राहतात कुठं?"

"आज, की परवा?"

साहेब वैतागले. "ताई, कागद लागतो. राहण्याचा पुरावा लागतो."

"देते पुरावा. लागेल तेवढा देते!"

आमच्याकडे शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर कळप बसला की रानाला आयतं लेंडीखत मिळतं. म्हणजे ही दोघं कुठल्या रात्री कुठं होती, हे त्या त्या रानाच्या मालकाला पक्कं ठाऊक! मी बिरूला फोनवर सांगितलं, प्रत्येकाकडून चिठ्ठी आण. बिरू लाजला. गुलनारा एकटी निघाली आणि आठवड्यात एकतीस चिठ्ठ्या गोळा करून आली.

एकीत लिहिलं होतं, 'सदर पती-पत्नी माझ्या शेतात दोन रात्री एकत्र राहिले. खत उत्तम.'

दुसरीच्या शेवटी, 'वरील मजकूर खरा आहे. पुढल्या वर्षीही पाठवावे.'

सगळ्यांच्या तीन-तीन प्रती काढल्या आणि गठ्ठा टेबलावर आपटला. साहेबांनी चाळला. ओठ आवळून म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो."

* * *

आणि आले. माळशिरसच्या अलीकडे एका कापलेल्या ज्वारीच्या रानात वाट दाखवायला मीच जीपमध्ये होते. मुदतीचे चार दिवस उरले होते. जीव नुसता टांगणीला लागला होता.

कुत्री अंगावर आली. गुलनारानं एक आवाज दिला, तशी गप बसली. तिनं तीन दगडांवर चहा ठेवला. साहेबांनी बिरूला विचारलं, आईला विचारलं, बिऱ्हाड बघितलं, गुलनाराची ट्रंक बघितली. सगळं वहीत टिपून घेतलं. आबा एका बाजूला चातीवर लोकर कातत बसले होते.

अहवालातला शेवटचा रकाना साहेबांनी तिथंच बांधावर बसून भरला. पुढे त्याची झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाली, म्हणून मला पाठ आहे. 'अर्जदार महिला सदर कुटुंबात राहते काय?' समोर लिहिलंय, 'होय. खात्री झाली.'

आता ती खात्री कशी झाली ते सांगते.

चहा संपवून साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काका, मेंढरं किती?"

"बाहेरच्या मानसाला आमी सांगत न्हाय."

"मग मोजतं कोण?"

आबांनी चाती थांबवली आणि गुलनाराकडे बोट केलं. "ती. रोज सांजंला."

मी आबांकडे बघतच राहिले.

साहेब तिच्याकडे वळले. "बरं, तू सांग. तू तर इथली नव्हेस. तुला कसली आलीय दृष्ट? किती आहेत?"

गुलनारानं पदर सारखा केला.

"बाहेरच्या मानसाला आमी सांगत न्हाय."